ज्यांचं इथे मत नाही, त्यांच्यासाठी विचारा



दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून आपल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगाम संपेपर्यंत ती आपल्याच शिवारात राहतात. आपला ऊस वेळेवर तुटतो तो त्यांच्या कोयत्यावर. पण त्यांची नावं मतदार यादीत आहेत ती तिकडे, गावाकडे. त्यामुळे इथला उमेदवार त्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे झोपड्यांकडे, फिरकत नाही आणि तिकडच्याला इथल्या पाण्याचा, दवाखान्याचा जाब कुणी विचारत नाही. तो जाब विचारायचं काम आपलं आहे, कारण इथलं मत आपल्याकडे आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे अंधारात दोघं फडात उतरतात. ती तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. हिशेब मात्र मुकादम नवऱ्याच्या नावावर मांडतो. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. आजारपणातही खाडा झाला की दंड. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,000 हून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13,000 हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे आकडे वाचून हळहळणं पुरेसं नाही.

कायद्यानेही त्यांना वाऱ्यावर सोडलं. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 साली केलेला कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून कर्नाटकात गेलेला त्यात बसायचा, बीडहून कोल्हापूरला आलेला नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता मधला माणूस. मग फडात साप चावला, ट्रॉली उलटली, तर भरपाई मागायची कुणाकडे?

तेव्हा उमेदवार दारात आला की त्याला चार गोष्टी विचारा. कोप्यांच्या जागी पाणी, दिवाबत्ती आणि शौचालय कधी देणार? मुलं इथल्या शाळेत बसतील, की गावाकडे त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह वेळेत सुरू होईल? प्रत्येक कोयत्याच्या दोघांनाही ओळखपत्र आणि अपघात विमा मिळवून देणार का? त्यांच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतंय का, हे स्वतः बघणार का? ‘बघू, करू’ असं उत्तर आलं तर कोण करणार आणि कधी, तेही विचारा. तुम्ही सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर तुमच्याकडे आणखी एक मत आहे. हेच प्रश्न वार्षिक सभेत उभं राहून मांडा आणि संचालकांच्या निवडणुकीत लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, आपल्याच गल्लीत पाणी नाही, बाहेरच्यांचं कुठे काढता? गल्लीतल्या पाण्यासाठी जरूर भांडा. पण कोपीवरच्या बाईने कालव्याचं गढूळ पाणी प्यायल्याने आपल्या नळाला धार लागत नाही. जो नेता आपल्याला त्यांच्याविरुद्ध उभं करतो, तो दोघांच्याही पाण्याचा प्रश्न टाळत असतो.

परराज्यातल्या मजुराचंही तेच. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे 16 मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या कारखान्यात राबत होते आणि टाळेबंदीत गावी जायला पायी निघाले होते. आपल्याकडे राबणाऱ्या माणसाची संकटात जबाबदारी कुणाची, हे आधी ठरलं नाही की असं होतं.

अशा माणसांची बाजू घेणाऱ्या उमेदवाराला त्यातून एकही मत मिळत नाही, उलट ‘बाहेरच्यांचा पुळका’ म्हणून टोमणे मिळतात. त्याला एकटं पाडू नका. त्याच्या सभेला जा, त्याची बाजू चावडीवर मांडा आणि त्याचं काम तपासून मत द्या. इथे मत नसलेल्यांसाठी बोलल्याने मतं वाढतात, हे एकदा दिसलं की बाकीचे उमेदवारही कोप्यांचा रस्ता शोधतील.