श्रेय निकेलला, काम लोखंडाचे

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे. चर्चा होते ती सौरवीज आणि अनुदानाची. पण हायड्रोजन किती स्वस्त पडेल, हे पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमधील उत्प्रेरकावरही अवलंबून आहे.

विजेने पाण्याचे विघटन करताना हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. अडते ते ऑक्सिजनच्या बाजूला. तेथे आम्लधर्मी परिस्थितीत टिकाव धरणारा भरवशाचा उत्प्रेरक म्हणजे इरिडियम. जगात हा धातू वर्षाला जेमतेम ७-८ टन निघतो, तोही प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत. अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरमध्ये मात्र निकेल आणि लोखंडासारखे स्वस्त धातू चालतात.

या जोडीतला खरा कामकरी कोण, हे कळायला बराच काळ गेला. द्रावणात अशुद्धी म्हणून आलेल्या अत्यल्प लोखंडानेही निकेलची क्षमता वाढते, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवले. पुढे द्रावण काटेकोरपणे शुद्ध केल्यावर निकेलची कामगिरी घसरल्याचे दिसले. पण लोखंड नेमके काय करते?

त्याचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण शोषते. त्यामुळे निकेल आणि लोखंड वेगवेगळे तपासता येतात. अणूंची विद्युत अवस्था आणि शेजारच्या अणूंचे अंतरही कळते. वीज बंद करून उत्प्रेरक बाहेर काढला, की त्याची अवस्था बदलते. म्हणून ही तपासणी वीज सुरू असतानाच करावी लागते. २०१५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड व स्लॅक येथील संशोधकांनी तशी ती केली, तेव्हा लोखंड आणि ऑक्सिजनमधील बंध नेहमीपेक्षा आखूड झालेले आढळले. क्रियेचे केंद्र लोखंड असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावरील वाद अजून पुरता मिटलेला नाही.

अशा तपासणीची सोय भारतातही आहे. इंदूरच्या ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषण वर्णपटाचा अभ्यास होतो. प्रयोगशाळेत काही तास चाललेला उत्प्रेरक कारखान्यात वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही. तो कुठे आणि का झिजतो, हे कामावर असतानाच पाहावे लागेल. मोहिमेच्या खर्चात यंत्रसामग्रीइतकेच या तपासणीलाही स्थान हवे; नाहीतर उत्प्रेरकाची निवड अंदाजपंचे होईल.