जड उचलू नका, म्हणजे नेमके किती?

आम्लपित्तावरील शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती रुग्णालयातून घरी निघते, तेव्हा हाती पडणाऱ्या कागदावर एक ओळ हमखास असते : ‘जड वस्तू उचलू नये.’ ओळ बरोबर आहे, पण अपुरी आहे. जड म्हणजे किती आणि किती दिवस, हे तिच्यात नसते. मग घरोघरी तिचा अर्थ आपापल्या स्वभावानुसार लावला जातो. कोणी दहाव्या दिवशीच पाण्याने भरलेली बादली उचलतो, कारण ‘आता तर काहीच दुखत नाही’. आणि कोणी दोन वर्षे उलटली तरी भाजीची पिशवीसुद्धा हाती धरत नाही. पहिल्याचे नुकसान लगेच लक्षात येते. दुसऱ्याचे इतके हळूहळू होते, की त्याला कोणी नुकसान म्हणतच नाही. आजचा लेख मुख्यतः या दुसऱ्या वाचकासाठी आहे.

प्रथम शस्त्रक्रियेत काय केले जाते, ते पाहू. अन्ननलिका छातीतून पोटात उतरते ती श्वासपटलातील एका छिद्रातून. हे छिद्र सैल झाले, की जठराचा वरचा भाग छातीकडे सरकू लागतो आणि जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते. औषधांनी ज्यांचे भागत नाही, किंवा ज्यांचे जठर बरेच वर सरकलेले असते, अशांवर ‘फंडोप्लिकेशन’ ही शस्त्रक्रिया करतात. जठर खाली ओढून घेतात, सैल छिद्र टाके घालून आवळतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती उपरण्यासारखा गुंडाळतात. या कल्पनेचा उगम मोठा रंजक आहे. रुडॉल्फ निसेन या जर्मन शल्यविशारदांनी १९३६ साली इस्तंबूल येथे अन्ननलिकेच्या एका शस्त्रक्रियेत केवळ जोड सुरक्षित राहावा म्हणून जठराचा भाग तिच्याभोवती गुंडाळला होता. त्या रुग्णाची जळजळही थांबल्याचे पुढे ध्यानात आले आणि १९५६ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. (आइन्स्टाइन यांच्या पोटावर १९४८ साली शस्त्रक्रिया करणारे निसेन ते हेच.) १९९१ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि पोटावरचा मोठा छेद गेला.

नेमका इथेच आपला घोटाळा होतो. बाहेर चार-पाच बोटाएवढ्या खुणा असतात. त्या दहा-बारा दिवसांत भरून येतात आणि आपल्याला वाटते, झाले. परंतु खरे काम आत, श्वासपटलाजवळ झालेले असते. शरीरातील जोड भरून येण्याला स्वतःची एक गती असते. कातडीच्या साध्या जखमेलासुद्धा तीन आठवड्यांनी मूळच्या बळाच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके बळ येते आणि सुमारे तीन महिन्यांनी ते ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. श्वासपटल तर श्वासागणिक हलणारा स्नायू आहे. त्याला विश्रांती कशी द्यायची? म्हणून आपल्या हाती एवढेच उरते, की पोटातून वर ढकलणारा दाब सुरुवातीचे काही आठवडे बेताचा ठेवायचा.

हा दाब निर्माण कशाने होतो, याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : कुंथणे. श्वास रोखून, पोट आवळून आपण जोर लावतो, तेव्हा पोटातील दाब एकदम चढतो. मग हातात डंबेल असो, घागर असो किंवा हातात काहीच नसून आपण शौचाला बसलेले असा. निरोगी माणसांच्या पोटातील दाब मोजून पाहिला, तर जोराच्या खोकल्यात तो हलके वजन उचलतानाच्या दाबापेक्षा कितीतरी अधिक आढळतो. तेव्हा पाच किलोची पिशवी टाळणाऱ्या, पण जुना खोकला अंगावर काढणाऱ्या आणि बद्धकोष्ठ तसेच चालू देणाऱ्या गृहस्थांनी आपली काळजी घेतली, असे म्हणता येत नाही. खोकल्यावर औषध घ्यावे, धूम्रपान सोडावे, शौचास सैल होण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोलासारखा उपाय करावा. मात्र इसबगोल भरपूर पाण्यातच घ्यावा आणि घास अडकत असेल त्या दिवसांत मुळीच घेऊ नये. उलटीची भावना झाली, तर ती दाबून न ठेवता लगेच कळवावे. सुरुवातीच्या दिवसांतील कोरड्या ओकाऱ्या आतल्या टाक्यांना कोणत्याही वजनापेक्षा अधिक घातक ठरू शकतात. परकराची नाडी किंवा कमरेचा पट्टा करकचून बांधण्याची सवयही काही महिने सोडलेली बरी.

आता किलोचा हिशेब. बहुतेक शल्यविशारद पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक उचलू देत नाहीत. हा आकडा बव्हंशी अनुभवावर बेतलेला आहे, त्यामुळे दोन डॉक्टरांचे आकडे जुळले नाहीत तर दोघांपैकी एक चुकला असे समजू नये. आपल्या घरातील वस्तूंना मात्र सहसा वजन लिहिलेले नसते. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकीही जवळपास तेवढ्याच वजनाची. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोंच्या घरात जाते. एक वर्षाचे नातवंड आठ-दहा किलोंचे असते आणि ते कधीही अंगावर झेप घेते. बादली निम्मी भरावी आणि तांब्याने पाणी घ्यावे. टाकीला हातच लावू नये. नातवंडाला उचलण्याऐवजी आपण खुर्चीवर बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे. त्याला काही कमी वाटत नाही.

चालणे मात्र पहिल्या दिवसापासून. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात किंवा गच्चीत. महिन्याच्या अखेरीस सलग वीस-तीस मिनिटे. अंथरुणातून उठताना सरळ पोटाच्या जोरावर उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या टेकूने बसते व्हावे. पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याने घाबरू नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी वायू भरतात. त्याने श्वासपटल चिडते आणि वेदना खांद्यात जाणवते. मात्र दुखणे छातीच्या मधोमध असेल, घाम किंवा धाप असेल, तर तो वायू किंवा पित्त असे मानून बसू नये. साठी ओलांडलेल्या माणसाने अशा वेळी आधी हृदय तपासून घ्यावे.

सहा आठवड्यांनंतर, शल्यविशारदांनी होकार दिल्यावर, वजनांकडे वळावे. इथे अनेक वाचक विचारतील : या वयात वजने कशासाठी? चालणे पुरे नाही का? नाही, पुरे नाही. वय वाढते तसे स्नायू झिजतातच. त्यात शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे पेज, मऊ भात, वरण, सूप अशा आहाराचे असतात, घास अडकतो म्हणून पोळी-भाकरी बंद असते, वजन उतरते. उतरलेल्या वजनाचे घरात कौतुक होते, पण त्यातील बराचसा भाग मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचा असतो. पुढे खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता न येणे, न्हाणीघरात तोल जाणे, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही साखळी तिथून सुरू होते. आम्लपित्ताची शस्त्रक्रिया उत्तम झालेली व्यक्ती दोन वर्षांनी पडून अंथरुणाला खिळते, तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही.

पूर्वी व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी जुन्या वजनाच्या पाव हिश्शापासून आरंभ करावा. कधीच न गेलेल्यांनी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी, ती अर्ध्या किलोची होते. बसून कोपरातून हात दुमडणे, हात बाजूला खांद्यापर्यंत नेणे, खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे. यांपैकी प्रत्येक दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. जोर लावताना श्वास सोडायचा, परतताना घ्यायचा. श्वास रोखला जातो आहे की नाही, हे कळण्याची एक सोपी युक्ती आहे : मोठ्याने आकडे मोजा. ‘सात, आठ’ म्हणताना आवाज अडखळला किंवा घशात कोंडला, तर आपण कुंथत आहात आणि वजन जास्त आहे. किलोच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा मला ही कसोटी अधिक विश्वासाची वाटते, कारण ती त्या दिवशीच्या आपल्या शरीराला विचारलेली असते. दोन आठवडे सहज जमले, की अर्धा किलो वाढवावे. घाई करून काही साधत नाही. जेवण आणि व्यायाम यांत किमान दोन तासांचे अंतर असू द्यावे.

तीन महिने होईपर्यंत काही गोष्टी दूरच ठेवाव्यात. उताणे पडून दोन्ही पाय एकत्र उचलणे, पोटाच्या उठाबशा, खांद्यावर वजन घेऊन बैठका, पोटाला पट्टा आवळून वजन उचलणे, तसेच कपालभाती, नौली, हलासन, शीर्षासन. योगासने सौम्यच असतात, हा समज इथे उपयोगाचा नाही. कपालभातीत पोटाला मिळणारे हिसके लहानशा डंबेलपेक्षा कमी नसतात. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करावे. सूर्यनमस्कार तीन महिन्यांनंतर, तेही सावकाश. ज्यांचे जठर फार मोठ्या प्रमाणात छातीत सरकलेले होते, ज्यांना आत जाळी बसवली आहे किंवा ज्यांची ही दुसरी शस्त्रक्रिया आहे, त्यांच्यासाठी मर्यादा अधिक कडक आणि कधी कायमची असू शकते. म्हणून पुढच्या भेटीत ‘व्यायाम करू का?’ असे न विचारता ‘किती किलोपर्यंत, कोणत्या तारखेपासून?’ असे विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

स्नायू नुसत्या व्यायामाने बनत नाहीत. निरोगी ज्येष्ठांना शरीराच्या दर किलोमागे दररोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. साठ किलोंच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम, आणि ते पेजेतून मिळत नाहीत. मुगाचे घट्ट वरण, दही, मऊ पनीर, उकडलेले अंडे कुस्करून, मऊ शिजवलेली मासळी असे थोडे थोडे पाच-सहा वेळा घ्यावे. सोड्याची पेये टाळावीत. या शस्त्रक्रियेनंतर ढेकर सहजी येत नाही आणि पोट फुगून राहते. आम्लाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतलेल्यांनी रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांत त्याची कमतरता आढळते, आणि शाकाहारी ज्येष्ठांत ती आधीच असते. पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर आधी ते पाहावे, मग डंबेल.

आता एक अवघड प्रसंग, ज्याचा विचार सहसा कोणी आधी करत नाही. शस्त्रक्रिया झालेली व्यक्तीच घरातील काळजीवाहक असते. सत्तरीच्या पतीला अर्धांगवायू झालेला आहे, पासष्टीची पत्नी त्यांना रोज उठवते, कुशीवर वळवते, न्हाऊ घालते. आणि आता शस्त्रक्रिया तिची झाली आहे. मोठ्या माणसाला उचलणे हे कोणत्याही व्यायामशाळेतील वजनाहून कठीण, कारण ते वजन आयत्या वेळी घसरते. ‘तुम्ही जपा हो’ एवढ्या सल्ल्याने इथे काहीच होत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच पुढच्या सहा ते बारा आठवड्यांची माणसे ठरवावी लागतात : सकाळी मुलगा, संध्याकाळी भाची, दुपारी मोबदला देऊन ठेवलेली मावशी. रुग्णाच्या अंगाखाली आडवी दुहेरी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी ओढून कुशीवर वळवले, तर उचलावे लागत नाही. खाटेची उंची कमरेएवढी असावी. आणि वहिनींनो, काकूंनो, पती रात्री घसरले, तर एकटीने उचलायला जाऊ नका. उशी द्या, पांघरूण घाला, शेजारी हाक मारा. जमिनीवर थांबलेली दहा मिनिटे त्यांना सहसा बाधत नाहीत.

व्यायाम सुरू केल्यावर थोडी जळजळ परतली, तर लगेच सारे फिसकटले असे समजू नये. अनेकदा कारण दुसरेच निघते आणि ते दुर्बिणीने किंवा अन्ननलिकेतील आम्ल मोजून ठरवता येते. मात्र जोर लावल्यावर किंवा ओकारीनंतर छातीत वा पोटाच्या वरच्या भागात अचानक तीव्र कळ आली, पाणीसुद्धा उतरेनासे झाले, ओकाऱ्या थांबेनात, ताप आला किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांना हाती असलेले आठवडे वाया घालवण्याचे कारण नाही. चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे आणि हातांचे हलके व्यायाम आजपासूनच करता येतात. खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा बंदोबस्त आताच करावा, आणि बादली कोण भरणार तेही घरात आताच ठरवावे.