शब्द आणि मोजमाप

पतंग उडविणारा मुलगा ‘ढील’ आणि ‘ओढ’ हे शब्द पुस्तकातून शिकत नाही. दोरा बोटाला काचू लागला म्हणजे ओढीचा अर्थ त्याला आपोआप कळतो. पुढे तोच मुलगा शाळेत लाकडी ग्लायडरचा अभ्यास हाती घेतो, तेव्हा मात्र ‘उत्थापन’, ‘वायुरोध’ असे भारदस्त शब्द वहीच्या पहिल्या पानावर उतरवून पाठ करतो आणि वायुगतिकी आली असे मानतो. ही समजूत खोटी आहे. जी गोष्ट मोजावी कशी हे ठाऊक नाही, तिचे नाव कितीही शुद्ध उच्चारले तरी ते ज्ञान नव्हे.

अमेरिकेतील ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंजवळ शब्दांची उणीव नव्हती. पंखाचे क्षेत्रफळ, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग आणि काही ठराविक अंक यांचा गुणाकार केला की उत्थापन मिळते, हे सूत्र त्यांना अवगत होते. तरीही १९०१ साली त्यांच्या ग्लायडरला अपेक्षेच्या सुमारे एकतृतीयांशच उत्थापन मिळाले. सूत्रातील एक अंक, ०.००५, अठराव्या शतकापासून प्रमाण मानला जात होता. दोघा भावांनी ग्लायडरवर घेतलेल्या मोजमापांवरून तो सुमारे ०.००३३ निघाला! तेवढ्यावर न थांबता त्यांनी डेटन गावी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्या एका तोंडाशी पंखा बसविला, आणि करवतीची पाती व सायकलच्या तारा जोडून आत एक नाजूक तराजू उभा केला. या वाऱ्याच्या बोगद्यात त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. सायकली दुरुस्त करणाऱ्यांना असा तराजू सुचावा, यात नवल ते काय? पुढच्याच वर्षीचा त्यांचा ग्लायडर उत्तम तरंगला, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्रचलित विमान प्रथमच बारा सेकंद उडाले.

शब्द सोपा असावा की संस्कृत, हा वाद त्यामानाने गौण होय. वायुरोधाला कोणी ‘ओढ’ म्हटले तरी बिघडत नाही. मात्र माहेरची ओढ निराळी आणि गतीच्या उलट दिशेने लागणारे हवेचे बल निराळे, हे पक्के असावे. ‘उत्थापन’ म्हणजे नुसते वर उचलणे, हाही अर्थ सैल आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात लागणारे बल ते उत्थापन. म्हणून वळणाऱ्या विमानाचे उत्थापन तिरपे असते.

विद्यार्थ्याने पुठ्ठ्याचा पंख वजनकाट्यावर उभा करावा, जाळी असलेला टेबलपंखा समोरून लावावा, पंखाचा कोन थोडाथोडा बदलावा आणि प्रत्येक वेळी काट्याचा आकडा लिहून ठेवावा. व्याख्यांचे पान त्यानंतर भरले तरी चालेल.