पायरीची कड आधी ठरावी

इमारतीच्या एकूण फरशीकामात जिन्याचा वाटा क्षेत्रफळाने थोडा असला, तरी उघडी राहणारी कड सर्वांत जास्त असते ती जिन्यातच. खोलीतील फरशी भिंतीशी संपते आणि तिची कड स्कर्टिंगखाली झाकली जाते. जिन्यावर मात्र प्रत्येक पायरीगणिक फरशी एकदा संपते आणि तिची जाडी, तिचा गाभा आणि कापाची सफाई सगळ्यांच्या नजरेसमोर आणि पायाखाली राहते. १.२ मीटर रुंद आणि २० पायऱ्यांच्या साध्या जिन्यात समोरची कडच २४ मीटर भरते. एवढ्या लांबीचे हे काम बहुतेक ठिकाणी नकाशात दाखवलेले नसते, अंदाजपत्रकात ते 'मोल्डिंग एक्स्ट्रा' एवढ्या दोन शब्दांत उरकलेले असते, आणि त्याचा खरा निर्णय फरशीचे गठ्ठे साइटवर उतरल्यानंतर, मिस्त्रीच्या हातात ग्राइंडर असताना घेतला जातो. जिन्याच्या कामातील बऱ्याच तक्रारींचे मूळ या उशिरात आहे.

कड महत्त्वाची का, याचे उत्तर माणूस जिना कसा उतरतो यात सापडते. चढताना शरीराचा भार पुढे असतो आणि चवडा पायरीच्या आतल्या भागावर पडतो. उतरताना मात्र चवडा कडेच्या अगदी जवळ, पुष्कळदा कडेवरच टेकतो आणि तेवढ्या अरुंद पट्टीवर सारा भार येतो. तिथे पाय घसरला किंवा कड कुठे संपते हेच दिसले नाही, तर सावरायला खाली जागा नसते. म्हणून पायरीच्या कडेकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : पायाला पकड मिळावी, कड स्पष्ट दिसावी आणि आघाताने तिचा टवका उडू नये. शोभा या तिघींनंतर येते. प्रत्यक्षात मात्र निवड शोभेवरून होते आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी नशिबावर सोडल्या जातात.

महाराष्ट्रात जिन्याला आजही सर्वाधिक वापरला जातो तो दगड : शहाबादी, कडप्पा, कोटा आणि ग्रॅनाइट. यांपैकी पहिले तिन्ही चुनखडीचे थरयुक्त दगड आहेत, आणि विशेषतः शहाबादी व कडप्पा यांच्या कडेला नाजूक गोलाई दिली, तर थर सुटून पापुद्रे निघू लागतात. अशा दगडाला वरच्या कोपऱ्यावर तीन ते पाच मिलिमीटरची तिरपी धार मारून ती घासून घेणे, हा टिकाऊ आणि स्वस्त उपाय आहे. ग्रॅनाइट घट्ट असल्यामुळे कोणताही आकार सोसतो, आणि म्हणूनच त्यावर आकारांची हौस अधिक केली जाते. १८ मिलिमीटर जाडीच्या लादीला पूर्ण गोल कड दिली, तर गोलाईची त्रिज्या ९ मिलिमीटर येते. पण लादी भारदस्त दिसावी म्हणून तिच्या खाली त्याच दगडाची दुसरी पट्टी चिकटवून ३६ मिलिमीटरची 'डबल' कड करण्याची आणि तीही पूर्ण गोल घासण्याची पद्धत सर्रास आहे. तिथे त्रिज्या १८ मिलिमीटर होते. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या सुगम्यता मानकांनी (२०१०) पायरीच्या पुढच्या कडेच्या गोलाईला सुमारे १३ मिलिमीटरची कमाल मर्यादा घातली आहे, कारण गोलाई वाढेल तसा पायरीचा सपाट, टेकायला उपयोगी पडणारा भाग मागे सरकतो आणि चवडा उताराच्या वळणावर पडतो. त्यातच ही गोलाई आरशासारखी पॉलिश केली जाते, म्हणजे ज्या पट्टीवर पकड सर्वांत जास्त हवी, तीच साऱ्या जिन्यातील सर्वांत गुळगुळीत पट्टी ठरते. डबल कड हवीच असेल, तर तिची उभी बाजू सरळ ठेवून फक्त वरचा कोपरा किंचित मोडावा; भारदस्तपणा तेवढाच राहतो आणि टेकायची जागा गमावली जात नाही.

पकडीसाठी कडेलगत खाचा मारण्याची रीत चांगली आहे, पण त्या कुठे माराव्यात याचा विचार व्हायला हवा. कडेला अगदी चिकटून मारलेली खाच दगडाला तुटण्याची रेघच आखून देते. कडेपासून थोडे अंतर सोडून, उथळ आणि संख्येने दोन-तीन खाचा पुरतात, आणि त्या झाडूने साफ होतील इतक्या रुंद असल्या पाहिजेत, अन्यथा त्यांत पॉलिश आणि धूळ बसून वर्षभरात त्यांचा उपयोग संपतो. जुन्या मोझॅकच्या, म्हणजे जागेवर ओतून घासलेल्या खडीमिश्रित सिमेंटच्या जिन्यांत कडेलगत कार्बोरंडमची खरखरीत पट्टी बसवली जात असे. ती झिजली तरी तिची पकड टिकते, आणि आजच्या चिकटपट्ट्यांप्रमाणे पहिल्या पावसाळ्यात तिचे कोपरे उचलले जात नाहीत.

दगडाच्या कडेचे तुटणे आकारापेक्षा बैठकीवर अधिक अवलंबून असते. मालाचा ढीग मध्यभागी टाकून लादी ठोकून बसवली, की माल कडेपर्यंत पोहोचत नाही आणि पुढची चार-पाच सेंटीमीटर पोकळ राहतात. थापीच्या मुठीने ठोकून पाहिल्यास मधला भाग भरीव वाजतो आणि कड पोकळ वाजते. त्या पोकळ कडेवर सुमारे ३० किलो वजनाचा भरलेला गॅस सिलिंडर एकेक पायरी आपटत उतरवला गेला, की टवका ठरलेला. म्हणून माल कडेपर्यंत सपाट पसरणे, कड पायरीच्या उभ्या दगडावर टेकलेली ठेवणे आणि पुढे आलेला भाग २०-२५ मिलिमीटरच्या आत राखणे, या तीन गोष्टी देखरेख करणाऱ्याने प्रत्येक पायरीवर तपासायला हव्यात. ट्रेड म्हणजे पायरीचा आडवा, पाय टेकण्याचा भाग. रायझर म्हणजे उभा भाग. आणि रायझरच्या पुढे आलेली ट्रेडची कड म्हणजे नोझिंग. नॅशनल बिल्डिंग कोडने निवासी इमारतींच्या अंतर्गत जिन्यासाठी ट्रेडची किमान रुंदी २५० मिलिमीटर आणि शाळा, कार्यालये, हॉटेले आदींसाठी ३०० मिलिमीटर सांगितली आहे, ती नोझिंग वगळून. पुढे आलेली कड त्यात धरून नियम पाळल्याचे दाखवता येत नाही.

टाइलच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइलचा रंग आणि नक्षी फक्त वरच्या थरात असते, त्यामुळे कापलेली कड उघडी राहिली की आतला फिक्या रंगाचा गाभा दिसतो. यावर सर्वाधिक केला जाणारा उपाय म्हणजे ट्रेडची आणि रायझरची टाइल ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जुळवणे. पहिल्या दिवशी हा सांधा देखणा दिसतो, पण तिथे टाइलची जाडी धारेपर्यंत निमुळती झालेली असते आणि नेमक्या त्याच धारेवर पाय, बादली आणि बूट आदळतात. हा सांधा करायचाच असेल, तर धार पूर्ण टोकापर्यंत न नेता एक-दीड मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवावी, मधली फट इपॉक्सी ग्राउटने भरावी आणि कोपरा हलक्या हाताने घासून मोडावा. याहून भरवशाचा उपाय म्हणजे धातूची कडपट्टी, जिला बाजारात प्रोफाइल म्हणतात. तिचे आधुनिक रूप एका कारागिराच्या गरजेतून आले : जर्मनीतील इझरलोन येथील टाइल बसवणारे वेर्नर श्ल्यूटर यांनी १९७५ च्या सुमारास टाइलची उघडी कड जपण्यासाठी अशी पट्टी तयार केली. तिचा भोके पाडलेला पाय टाइलखालच्या अॅडेसिव्हमध्ये पूर्ण रुतला पाहिजे आणि तिचा माथा टाइलच्या वर येता कामा नये, कारण एक मिलिमीटरचा उंचवटाही पायाला लागतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत धातूची निवडही जपून करावी लागते. उघड्यावरच्या जिन्याला ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील ३०४ पेक्षा अधिक टिकते, आणि अॅल्युमिनियमवर सांडलेला ओला सिमेंटचा माल लगेच पुसला नाही, तर त्यातील अल्कलीने पट्टीवर कायमचे डाग पडतात. कारखान्यातूनच गोल कड आणि खाचा घेऊन येणाऱ्या स्टेप टाइल हा तिसरा पर्याय. त्यात कापण्याचे काम कमी होते, मात्र लांबीत एकच टाइल येईल असे माप आधीच धरले नाही, तर प्रत्येक पायरीच्या मधोमध सांधा येतो.

लाकडी आच्छादने आणि कार्पेट यांच्या कडांचे नियम निराळे असले, तरी तत्त्व एकच आहे. लॅमिनेट फ्लोअरिंगचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो आणि उघड्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो, म्हणून कापलेली प्रत्येक कड नोझिंगच्या तुकड्याने झाकली जाणे आवश्यक असते. खोलीत हे फ्लोअरिंग खालच्या जमिनीला न चिकटवता तरंगते ठेवतात. जिन्यावर तसे चालत नाही, तिथे फळी आणि नोझिंग दोन्ही पूर्ण चिकटवावी लागतात आणि नोझिंगला शक्य तिथे स्क्रूही द्यावे लागतात. फळीवर चढून बसणाऱ्या नोझिंगपेक्षा फळीच्या पातळीत बसणारे नोझिंग घ्यावे, कारण पहिल्या प्रकारात पाठीमागे राहणाऱ्या उंचवट्याला पाय अडखळतो. कार्पेटच्या बाबतीत लव नेहमी उताराच्या दिशेने ठेवावी, अंडरले पातळ आणि घट्ट घ्यावे, कारण जाड अंडरलेमुळे कड मऊ व गोल होऊन पायाला फसवते, आणि मधोमध टाकलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू पट्टी शिवून किंवा ओव्हरलॉक करून बंद कराव्यात. वर्दळीच्या कार्यालयांत आणि चित्रपटगृहांत रबराची पट्टी बसवलेले धातूचे नोझिंग याहून सोयीचे ठरते.

समोरच्या कडेइतकेच दुर्लक्ष जिन्याच्या उघड्या बाजूच्या कडेकडे होते. पायऱ्या धुतल्या की गढूळ पाणी त्या बाजूने ओघळते आणि खालच्या स्लॅबच्या रंगावर काळपट रेघा उमटतात. बाजूने दगडाची थोडी उंच पट्टी बसवली, तर पाणी पायरीवरूनच उतरते. पट्टी नको असेल, तर लादी बाजूलाही थोडी बाहेर काढून तिच्या खालच्या अंगाला उथळ खाच मारावी, म्हणजे पाणी खाचेशी तुटून थेंबांनी गळते. हीच खाच उघड्यावरच्या जिन्यात समोरच्या कडेखालीही हवी, आणि तिथे ट्रेडला बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिल्याशिवाय पावसाळ्यात शेवाळ टळत नाही.

दिसण्याचा मुद्दा हा डिझाइनचा विषय समजला जातो, पण तो कायद्याच्या कक्षेत आलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर सार्वजनिक इमारतींना सुगम्यतेची मानके बंधनकारक झाली, आणि पायरीच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी असावी ही त्या विचारातील एक मूलभूत अपेक्षा आहे. ट्रेड, रायझर आणि कड तिन्ही एकाच काळ्या ग्रॅनाइटमध्ये केल्यास उतरताना पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि कमी दिसणाऱ्यांना, तसेच वाचायचा चश्मा लावून उतरणाऱ्या ज्येष्ठांना जिना उतार वाटू लागतो. रायझर फिक्या दगडात घेतल्याने हे पूर्ण सुटत नाही, कारण उतरताना रायझर दिसतच नाही. पट्टी ट्रेडच्या पृष्ठभागावर, कडेलगतच हवी.

हे सारे आधीच का ठरावे, याचे सर्वांत ठोस कारण मापांत आहे. प्रत्येक रायझर १५० मिलिमीटरचा, अशा अचूक ओतलेल्या जिन्यात पायऱ्यांवरच्या फरशीची एकूण जाडी ४० आणि खालच्या-वरच्या मजल्यावरील फरशीची ६० मिलिमीटर असेल, तर तयार जिन्यात पहिला रायझर १३० चा आणि शेवटचा १७० चा होतो. मधल्या १५० च्या चालीला सरावलेला पाय नेमका दोन टोकांना चुकतो, आणि बिगरनिवासी इमारतीत नॅशनल बिल्डिंग कोडची रायझरसाठीची १५० ची कमाल मर्यादाही ओलांडली जाते. आंतरराष्ट्रीय बिल्डिंग कोड एका टप्प्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये ९.५ मिलिमीटरहून अधिक फरक मान्य करत नाही; इथे तो ४० चा आहे. लादीच्या रुंदीचेही तसेच : तयार ट्रेड २५० चा, कड २० पुढे आणि वरच्या रायझरच्या दगडाखाली व मालाखाली ३०, असे धरले तर लादी ३०० ची मागवावी लागते. हा हिशेब स्लॅब ओतण्यापूर्वी झाला, तरच उपयोगाचा. नंतर उरते ती फक्त माल जाड-पातळ करण्याची कसरत.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरपत्रकात पायरीचे नोझिंग आणि दगडाच्या कडेचे मोल्डिंग यांना मीटरवर मोजायच्या स्वतंत्र बाबी आहेत, आणि खासगी कामातही तशी शिस्त आणणे अवघड नाही. वास्तुविशारदांनी कडेचा पूर्ण मापाचा छेद नकाशात द्यावा आणि त्यात जाडी, त्रिज्या, पुढे आलेला भाग, खाचांची जागा व बाजूची कड दाखवावी. कंत्राटदारांनी चालू फुटाचा दर त्या छेदावर द्यावा. आणि माल मागवण्यापूर्वी जागेवर तीन पायऱ्यांचा नमुना बसवून, त्या ओल्या करून, त्यांवरून उतरून पाहिल्याशिवाय उरलेल्या जिन्याला हात लावू नये. नमुन्यावर एखादा दिवस जास्त जाईल, पण बसवलेली कड बदलायची तर लादीच फोडावी लागते, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे.