सेलोटेप लावलेली कॅसेट

१९९६ साली लकी अलींचा 'सुनो' हा अल्बम आला आणि 'ओ सनम'नं आम्हा भावंडांना वेड लावलं. मेहमूदचा मुलगा, पण आवाज असा की कुणी शेजारी बसून स्वतःशीच गुणगुणतंय. आदल्या वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' गाजलं होतं. सिनेमाशिवाय गाणं घरोघरी पोचलं ते तेव्हा. (संगीत बिद्दूंचं. नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने'ही त्यांचंच, म्हणून अम्मीला तेवढं चालायचं.)

नव्या कॅसेटला पैसे नव्हते. शेजाऱ्यांच्या डबल डेकवर भरून घ्यायचं ठरलं. घरातली एक जुनी कॅसेट सापडली. कुणी पुसू नये म्हणून अब्बांनी तिच्या वरच्या कडेच्या पट्ट्या तोडून ठेवल्या होत्या. आम्ही त्या खाचांवर सेलोटेप चिकटवला आणि गाणी भरली.

तिच्यात दादीचे किस्से होते. दादीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अब्बा रागावले नाहीत. फक्त टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवून दिला, तो दोन ईदा तिथंच राहिला.

'बी' बाजूच्या शेवटी, गाणी संपल्यावर, दादी थोडीशी उरली आहे. खोकते आणि म्हणते, "बस हुआ रे, बंद कर वो." आजही 'ओ सनम' कुठं लागलं की आम्ही ते संपायची वाट पाहतो.