रोख शहराला, उधार वाडीला

गरिबांच्या वस्तीत वाणसामानाचे दुकान का टिकत नाही, हा प्रश्न चार शहाण्या माणसांपुढे टाकून पाहा. तीन उत्तरे हटकून मिळतात. पहिले उत्तर असे, की दुकानदार लबाड असतो. दुसरे, की गरिबांजवळ मुळी पैसाच नसतो, मग दुकान चालावे कशावर? तिसरे उत्तर देणारे गृहस्थ थोडे अधिक वाचलेले असतात. ते म्हणतात, हा काळाचा महिमा आहे. मोठा मासा लहान माशाला गिळायचाच. ही तिन्ही उत्तरे मला साफ नामंजूर आहेत. फराळाच्या ताटाशेजारी हे कडू कारले कशाला वाढता, असे कुणी म्हणेल. परंतु फराळाचा रवा, साखर आणि तेल ज्या फळीवरून घरात यायचे, ती फळीच निघू लागली आहे. म्हणून हा विषय दिवाळीचाच आहे.

आमचे भाट्ये रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या ह्या अंगाला. पाहुण्यांना ते ठाऊक असते ते सुरूच्या बनामुळे, झरी विनायकामुळे आणि १९५५ सालापासून इथे असलेल्या नारळ संशोधन केंद्रामुळे. पूल ओलांडला की शहर. पाहुणा समुद्र बघून त्याच पुलावरून परत जातो, त्यामुळे वाडीतली घरे त्याच्या नजरेस पडत नाहीत. त्या घरांतला माणूस होडीवर जातो, आंब्याच्या बागेत राबतो, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलतो. त्याची मिळकत महिन्याच्या एक तारखेला येत नाही. मासळी लागली तर वाटा, न लागली तर घाटा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बंदी योग्यच आहे. मासळीला वाढायला अवधी हवा. पण सरकारला समुद्रावर बंदी घालता येते, पोटावर घालता येत नाही. ते दोन महिने चूल कशावर पेटते? दुकानदाराच्या वहीवर. जूनच्या पहिल्या पावसात वहीत नाव चढते आणि नारळी पौर्णिमेनंतर, समुद्राने हात दिला तर, ते हळूहळू उतरते. बँकेच्या पायरीवर ज्याला उभे करीत नाहीत, त्याची बँक ती हीच.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. दुकानदार लबाड! ह्या आरोपाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. वह्या आणि खतपत्रे जाळली गेली. तो राग सकारण होता, आणि १८७९ साली सरकारला दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. पण तो सावकार जमीन लिहून घेत असे, व्याजावर व्याज चढवीत असे. आजचा वाडीतला दुकानदार काय लिहून घेतो? ‘साखर अर्धा किलो, चहाची पुडी, काड्यापेटी’, आणि पुढे आकडा. तारण नाही, सही नाही, व्याज नाही. परवान्यावाचून व्याज लावायला जाईल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात सापडेल. बाकी बुडाली तर तीन वर्षांच्या आत कोर्टात दावा लावता येतो खरा. पण चारशे रुपयांसाठी वकील कोण लावतो?

दुसरेही पाहा. साबणाच्या वडीवर, तेलाच्या पिशवीवर किंमत छापलेली असते. ती मुंबईला तीच आणि भाट्यालाही तीच. पेठेतून माल आणायचे रिक्षाभाडे तिच्यात मिळवता येत नाही. दोन महिने पैशाची वाट पाहिली, म्हणून वर एक रुपया मागता येत नाही. मोठ्या दुकानाला छापील किमतीच्या खाली उतरण्याची मुभा आहे. लहान दुकानाला तिच्यावर चढण्याची नाही. सुटी डाळ मापात मारणारा दुकानदार असतो, नाही असे नाही. तसा लबाड डॉक्टरही असतो आणि लबाड मास्तरही असतो. त्यावरून दवाखाने आणि शाळा का बंद पडतात, हे कुणी शोधू लागत नाही.

दुसरे उत्तर : गरिबांजवळ पैसा नसतो. पैसा थोडा असतो हे खरे. पण त्या थोड्यातला मोठा भाग खाण्यावरच जातो. श्रीमंताचा पैसा सोन्यात, जागेत, मोटारीत अडकतो. गरिबाचा रोजचा पैसा रोज मिठा-मिरचीकडेच येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून तर ते फुकट मिळते. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल अशी पिशवीही दिली. काही दुकानदार ह्याबद्दल कुरकुरतात. त्यांची कुरकुर मला मान्य नाही. उपाशी पोटाचे धान्य हा कुणाच्या धंद्याचा विषय होऊ नये. पण परिणाम काय झाला तो सांगितला पाहिजे. ज्या जड मालासाठी माणूस पिशवी घेऊन दुकानात यायचा तो माल तिथून गेला. उरली ती चहा-साखर, बिस्किटे, साबण आणि रात्री आठ वाजता अचानक संपणारे तेल. रात्री आठला रेशनचे दुकान उघडे नसते. ते काम वाडीच्या दुकानानेच करायचे.

तिसरे उत्तर म्हणजे काळाचा महिमा. मोठा मासा लहान माशाला गिळतो म्हणतात. मग लहान मासा गिळून झाल्यावर मोठ्याने तरी तिथे राहावे की नाही? अमेरिकेतल्या शिकागो शहरात एंगलवुड नावाची गरीब कृष्णवर्णीय वस्ती आहे. तिथे होल फूड्स ह्या बड्या कंपनीने २०१६ साली मोठा गाजावाजा करून दुकान थाटले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कुलूप लावले. पुढच्याच एप्रिलमध्ये वॉलमार्टने त्याच शहरातली आपली चार दुकाने तोट्याचे कारण सांगून बंद केली. त्यांतली काही अशाच वस्त्यांत होती. तिथे लहान-मोठ्याचा झगडा नव्हता, भांडवलाची वाण नव्हती, दुकानेही वातानुकूलित होती. तरी टिकली नाहीत. तेव्हा काळाच्या आणि माशाच्या गोष्टी पुरे झाल्या. रोग निराळा आहे.

तो कळण्यासाठी थोडे गणित करू. मी शाळामास्तर, नफा-तोट्याची उदाहरणे वर्षानुवर्षे वर्गात घालतो. त्या उदाहरणांत दुकानदार माल विकतो आणि तिथल्या तिथे नफा मोजतो. पैसे केव्हा हातात आले, हे कुणी विचारीत नाही. समजा, एका दुकानात ५०,००० रुपयांचे भांडवल आहे आणि शंभराच्या विक्रीमागे ८ रुपये सुटतात. सगळा माल महिन्याला एकदा रोखीने विकला गेला, तर ४,००० च्या वर पदरी पडतील. आता त्यातले अर्धे भांडवल दोन-दोन महिने वहीत अडकले. त्या अर्ध्यावरची प्राप्ती निम्मी झाली. म्हणजे एकूण ३,००० च्या आसपास, आणि त्यातच विजेचे बिल. शिवाय एका घराचे २,००० रुपये बुडाले. घरातला कर्ता गेला, कुटुंब गाव सोडून गेले, काहीही होते. ते २,००० भरून काढायला दुकानदाराने किती विक्री करायला हवी? २५,००० रुपयांची. एका घराचे अश्रू पुसायला दहा घरांची रोख खरेदी लागते, ती अशी.

हे चक्र एवढ्यावर थांबत नाही. वहीत पैसा अडकला, की दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे रिकाम्या हाताने जातो. तोही उधारीवर घेतो, म्हणून त्याला माल महाग पडतो. याच्या उलट टोक पाहा. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईला निघाले. त्या कंपनीच्या स्वस्ताईचे एक गुपित सगळ्या व्यापारी जगाला ठाऊक आहे : ती माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करते, म्हणून तिला माल स्वस्त मिळतो. रोख देणाऱ्याला स्वस्त, उधार घेणाऱ्याला महाग. म्हणून वाडीच्या दुकानाचा भाव चढता राहतो, निवड तुटपुंजी राहते, बिस्किटाच्या पुड्यावर धूळ बसते. आणि मग तोच भाव नि तीच धूळ दाखवून आपण म्हणतो, ‘पाहा, इथे काही मिळत नाही!’

हे ‘आपण’ कोण? इथे माझे बोट गरिबाकडे नाही. गरीब माणूस उधार नेतो, पण दुकानही तोच जगवतो. नारळी पौर्णिमेनंतर पहिला वाटा हातात आला, की तो शंभर-दोनशे टेकवून जातो. माझे बोट आहे पगारदाराकडे, पेन्शनवाल्याकडे, मुंबईहून मनीऑर्डर येई तेव्हाच्या आणि आता फोनवर पैसे येतात त्या घरांकडे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही मंडळी पूल ओलांडून शहरात जातात आणि महिन्याचे वाणसामान रोखीने भरून आणतात. मग वीस तारखेला हिंग संपते, आणि मुलाला पिटाळले जाते वाडीच्या दुकानात : ‘जा रे, काकांना सांग लिहून ठेवा!’ ज्याच्या खिशात रोख आहे त्याची रोख शहराला आणि उधार वाडीला! मग गणपतीत चाकरमानी येतात. त्यांच्या पिशव्यांत दादरचा गूळसुद्धा असतो. दुकानात ते येतात ते सुटे मागायला.

ज्या वस्तीत फक्त गरिबाचीच गिऱ्हाइकी उरते, तिथे दुकान बुडते. शिकागोत बुडते, भाट्यातही बुडेल. उधारीचा भार वाहायला रोखीचा खांदा लागतो. पूर्वी तो एकाच दुकानात मिळे. गावचा तलाठी, मास्तर, होडीवाला आणि तांडेल एकाच फळीपुढे उभे राहत. एकाच्या रोखीतून दुसऱ्याची उधारी पेलली जाई. आता रोख देणारा पुलापलीकडे गेला आणि उधार नेणारा अलीकडे राहिला.

कुणी म्हणेल, आम्ही दोन पैसे वाचवले तर बिघडले कुठे? पैसा आमचा, मर्जी आमची. मर्जी तुमची खरी. पण २०२० सालचा मार्च आठवा. २४ तारखेच्या रात्री देश बंद झाला तेव्हा पुलापलीकडे जाण्याची सोय राहिली नाही. त्या दिवसांत वाडी-वस्तीतल्या लहान दुकानांनी पीठ पुरवले, तेल पुरवले, आणि ओळखीवर पुरवले. तेव्हा दुकानदार देवमाणूस होता. टाळेबंदी उठली आणि देवमाणसाचा पुन्हा ‘महाग देणारा वाणी’ झाला. दुकान म्हणजे आगीचा बंब नव्हे, की एरवी गंजत ठेवावा आणि आग लागली की घंटा वाजवावी.

आणि दुकान बंद पडले तर झळ कुणाला? पगारदाराला नाही, त्याच्या दारात दुचाकी आहे. झळ लागते ती जुलैत हात रिकामे असलेल्या बाईला. शहरातले मोठे दुकान तिला कितीही स्वस्त देवो, वहीवर देत नाही. पाव किलो साखरेसाठी रिक्षाचे भाडे तिला परवडत नाही. मग दारात येतो तो कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस, आठवड्याच्या हप्त्याचा कागद घेऊन. ज्या उधारीला व्याज नव्हते तिच्या जागी व्याजाची उधारी येते. १८७५ साली जी वही जाळली, ती नव्या कपड्यात परत येते.

उपाय नाही असे नाही. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी २८ कामकऱ्यांनी पै-पै साठवून स्वतःचे दुकान काढले; पीठ, लोणी, साखर असा मोजका माल. नियम एकच कडक : रोखीने घ्या, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटून घ्या. जगभरची ग्राहक सहकाराची चळवळ त्या दुकानाचे नाव आजही घेते. आपल्याकडे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या कुटुंबांनी गट करावा, यादी द्यावी आणि माल एकत्र घाऊक आणावा, ही तिची रीत. हीच रीत दुकानदारांनी उचलली तर? खाडीकाठच्या पाच-सहा वाड्यांतल्या दुकानांनी मिळून एका टेंपोत माल आणला, तर घाऊकाचा भाव उतरेल आणि भाड्याचा भारही वाटला जाईल. एखाद्या सहकारी पतसंस्थेने त्यांना मे महिन्यात थोडे खेळते भांडवल देऊन ते दिवाळीत परत घेतले, तर बंदीचे दोन महिने वही बुडणार नाही. ह्यांपैकी एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही.

पण सर्वांत सोपा उपाय खिशात रोख असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे. महिन्याची सगळी यादी नको. निम्मी यादी वाडीच्या दुकानात, आणि तीही रोखीने. उधारी त्याच्यासाठी सोडा, ज्याच्याजवळ दुसरे काही नाही. मिळणाऱ्या पगारावर उधारी करणे म्हणजे पंगतीत उपाशी माणसाच्या पानातले उचलण्यासारखे आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतले व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. वाडीतला दुकानदारही वाहतो. पण त्याला नवी वही उघडताना जुनीतली बाकी पहिल्या पानावर उतरवून घ्यावी लागते. त्या बाकीत होडीवाल्याचे नाव असेल तर असू दे. ते पुढच्या मासळीला उतरेल. पगारदाराचे नाव मात्र असता कामा नये. फराळाचे ताट शेजाऱ्याकडे धाडण्याआधी, वाचकहो, ते नाव खोडून या.