वंशावळ चीनकडे, वारसपद तैवानकडे

कॉन्फ्युशियसच्या कोंग घराण्याची वंशावळ २००९ च्या सप्टेंबरमध्ये नव्याने प्रसिद्ध झाली. ८० खंडांच्या या ग्रंथात सुमारे २० लाख नावे आहेत. १९३७ नंतरची ही पहिलीच सुधारित आवृत्ती असून स्त्रियांना आणि परदेशस्थ वंशजांना तीत प्रथमच स्थान मिळाले. परंतु हा केवळ एका कुळाचा वृत्तांत नाही. चीनमधील सत्ता जेव्हा जेव्हा दुभंगली, तेव्हा तेव्हा हे घराणेही दुभंगले.

११२७ मध्ये जुर्चेनांनी सोंग राजधानी जिंकली आणि दरबार दक्षिणेकडे पळाला. त्याच्यापाठोपाठ ४८ व्या पिढीचे प्रमुख कोंग दुआनयू शांतुंग प्रांतातील छुफू हे मूळ गाव सोडून दक्षिणेत गेले. त्यांची शाखा छ्यूजौ येथे स्थिरावली. उत्तरेत राहिलेल्या भाऊबंदांमधून नव्या राज्यकर्त्यांनी आपला स्वतंत्र मानकरी नेमला. कुब्लाई खानाने देश एकत्र केल्यावर, १२८२ मध्ये दक्षिणेच्या शाखेने किताबावरील हक्क सोडला. पूर्वजांच्या समाध्या आता दक्षिणेतच आहेत, असे त्यामागचे कारण सांगितले जाते.

१९४९ मध्ये इतिहासाची पुनरावृत्ती झाली. ७७ व्या पिढीचे कोंग दचंग चिआंग कै शेक यांच्या सरकारबरोबर तैवानला गेले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कॉन्फ्युशियसच्या पूजेचे सरकारी पद त्यांचे नातू कोंग त्सुईचांग यांच्याकडे आले. या घराण्यात नावातील मधले अक्षर पिढी सांगते. ‘द’ म्हणजे ७७ वी, ‘त्सुई’ म्हणजे ७९ वी. ही खूण सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर चालते.

मागे राहिलेल्या छुफूचे काय झाले? १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये रेड गार्डनी येथील घराण्याच्या थडग्यांची नासधूस केली, मृतदेह उकरून काढले. त्याच छुफूला २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी भेट दिली व कॉन्फ्युशियसचा गौरव केला. साम्यवादी विचाराची ओढ ओसरलेल्या सत्तेला परंपरेचा आधार हवा आहे, हे त्यातून दिसते.

दोन्ही तीरांवरचे लोक एकाच कुटुंबातले आहेत, हा बीजिंगचा आवडता युक्तिवाद आहे. वंशावळ त्याला दुजोरा देते असे वरकरणी वाटते. परंतु याच घराण्याची एक शाखा १४ व्या शतकापासून कोरियात आहे आणि नव्या वंशावळीत तिचीही नोंद आहे. म्हणून कोरियावर कोणी हक्क सांगत नाही. रक्ताचे नाते आणि राज्याचा हक्क या भिन्न गोष्टी आहेत.

१२८२ चा पेच एका शाखेने माघार घेतल्याने सुटला. आज तसे घडणे नाही. वंशावळ आणि समाध्या चीनकडे आहेत, वारसपद मात्र तैवानच्या शासनव्यवस्थेचा भाग आहे. ते सोडण्याचा निर्णय आता घराण्याच्या हाती उरलेला नाही. तो तैवानच्या जनतेचा आहे.